न्यू जर्सीचा 'ऑल्टरनेट रूट': बीएडच्या तिथल्या पदवीशिवाय सरकारी शाळेत शिक्षक होताना

न्यू जर्सीत पब्लिक स्कूलमध्ये शिकवायचं तर अमेरिकेतल्या कॉलेजात पुन्हा चार वर्षं घालवायला हवीत, असं एडिसन-जर्सी सिटीकडच्या मराठी घरांतून बरेचदा ऐकू येतं. ते खरं नाही. थॉमस कीन गव्हर्नर असताना, १९८५ साली, या राज्यानं शिक्षकांसाठी आडवाटेचा दरवाजा अधिकृतपणे उघडला. त्याआधी शिक्षक कमी पडले की शाळा 'इमर्जन्सी' परवान्यावर कुणालाही उभं करत. ती पद्धत मोडून, विषयाची पदवी असलेल्या माणसाला आधी नोकरी आणि नोकरी करता करता प्रशिक्षण, अशी रचना केली गेली. तिला ऑल्टरनेट रूट म्हणतात.

रस्ता खरा आहे, पण त्यात अडकणारे बहुतेक लोक वर्गात अडकत नाहीत, वर्गात पोचायच्या आधीच अडकतात. मुंबई-पुण्याची मार्कशीट तिथल्या क्रेडिटमध्ये, म्हणजे कोर्सचं वजन मोजायच्या तिथल्या एककात, कशी उतरते, हे न पाहता परीक्षेची फी भरली जाते आणि वर्ष जातं. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा कागदांना दिली आहे.

चार कागद, चार अर्थ

सुरुवातीला नावांचा घोळ निस्तरून घेऊ.

सीई, म्हणजे सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी, हा ऑल्टरनेट रूटचा पहिला कागद. त्याचा अर्थ इतकाच की तुमची पदवी, विषय आणि परीक्षा राज्याला मान्य आहेत, आता नोकरी शोधा. तो आयुष्यभर चालतो, पण त्याच्यावर पगार मिळत नाही.

सीईएएस, म्हणजे सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी विथ ॲडव्हान्स्ड स्टँडिंग, हा त्याचा मोठा भाऊ. ज्यांनी कॉलेजातलं पूर्ण शिक्षक-प्रशिक्षण, वर्गातल्या सरावासकट, आधीच केलंय त्यांच्यासाठी. भारतातलं बीएड असलेल्यांना वाटतं की आपण आपोआप यात बसतो. तसं धरून चालू नका. बीएडचंही मूल्यांकन करून घ्या, पण तयारी सीईच्याच नियमांनी करा.

नोकरी लागली की शाळेच्या डिस्ट्रिक्टमार्फत, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या मंडळामार्फत, प्रोव्हिजनल मिळतं. ते दोन वर्षांचं असतं आणि खरं घड्याळ इथे सुरू होतं. अटी पुऱ्या झाल्या की स्टँडर्ड. तो कायमचा परवाना, त्याचं नूतनीकरण करावं लागत नाही.

आणखी एक गोष्ट इथेच. सीई म्हणजे अमेरिकेत काम करायची परवानगी नव्हे. एच-४ व्हिसावर, म्हणजे एच-१बीवाल्याचे जोडीदार म्हणून आलेले असाल तर ईएडी कार्ड, म्हणजे कामाचा परवाना, वेगळं लागतं, आणि ते मिळायला साधारणपणे जोडीदाराची आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डसाठी कंपनीनं केलेली याचिका, मंजूर झालेली असावी लागते. राज्याचं शिक्षण खातं अर्ज घेताना तुमच्या व्हिसाची काळजी करत नाही, डिस्ट्रिक्टचं एचआर मात्र पहिल्याच दिवशी विचारतं.

पहिली पायरी: मार्कशीटचं भाषांतर

इथे भाषांतर म्हणजे मराठीचं इंग्रजी नव्हे, मार्कांचं क्रेडिट. भारतातली पदवी एनएसीईएस या संघटनेच्या सदस्य संस्थेकडून तपासून घ्यावी लागते. अशा संस्था बऱ्याच आहेत, दर वेगवेगळे, वेळ वेगवेगळा. अर्जात दोन पर्याय दिसतात: 'डॉक्युमेंट-बाय-डॉक्युमेंट' आणि 'कोर्स-बाय-कोर्स'. पहिला स्वस्त असतो आणि इथे निरुपयोगी असतो. त्यात 'अमुक पदवी बॅचलरच्या बरोबरीची' एवढंच एक वाक्य मिळतं. तुम्हाला कोर्स-बाय-कोर्सच हवा. त्यात प्रत्येक पेपरचं नाव, क्रेडिट, ग्रेड, जीपीए (४ पैकी मोजलेली ग्रेडची सरासरी), आणि तो पेपर खालच्या पातळीचा की वरच्या, हे सगळं यायला हवं. पातळीची खूण नसलेला अहवाल परत करून ती मागून घ्या. याची गरज पुढे कळेल.

तीन वर्षांच्या बीए, बीएस्सी, बीकॉमचा प्रश्न नाजूक आहे. काही संस्था तिला 'तीन वर्षांचं पदवीपूर्व शिक्षण' म्हणून मोकळ्या होतात. काही संस्था, कॉलेजचं नॅक मानांकन आणि मिळालेला वर्ग पाहून, पूर्ण बॅचलर मानतात. सदस्य संस्थांमध्येही असा फरक पडतो, म्हणून पैसे भरण्याआधी ईमेलनं विचारा: 'अमुक विद्यापीठ, अमुक साल, तीन वर्षं, तुम्ही काय धरता?' उत्तर जपून ठेवा. पाठोपाठ एमएस्सी किंवा एमए केलेलं असेल तर हा प्रश्न बहुधा सुटतो.

जीपीएची भीती मात्र बरेचदा फुकटची असते. आपल्याकडचे ६० टक्के म्हणजे तिथल्या शाळेतले ६० टक्के नव्हेत, हे या संस्थांना ठाऊक असतं. फर्स्ट क्लासचे मार्क रूपांतरात चांगलेच वर जातात. नियम असा: १ सप्टेंबर २०१६ नंतर पदवी घेतली असेल तर ३.०० जीपीए, त्याआधी घेतली असेल तर २.७५. थोडं कमी पडत असेल तर विषयाच्या परीक्षेत किमान गुणांपेक्षा १० टक्के जास्त मिळवून भरपाई करता येते. आणि जीपीए ३.५० किंवा जास्त असेल तर परीक्षेत ५ टक्क्यांपर्यंत कमी पडलेलं चालवून घेतात.

विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट मागवायला वेळ लागतो, हे सांगायची गरज नाही. भारतात जाणार असाल त्या सुट्टीत हे काम करून या. सीलबंद पाकिटांचे दोन संच जास्तीचे घ्या, आणि पाकीट स्वतः उघडू नका. उघडलेलं पाकीट म्हणजे घरगुती झेरॉक्स.

दुसरी पायरी: कुठला विषय? एक मार्कशीट उघडून पाहू

परवान्यावर विषयाची नोंद असते, तिला एन्डॉर्समेंट म्हणतात. गणित, भौतिकशास्त्र, जीवशास्त्र, इंग्रजी अशा विषयाच्या एन्डॉर्समेंटला त्या विषयाची ३० क्रेडिट्स लागतात, एकमेकांशी सांधा असलेली. त्यातली किमान १२ वरच्या पातळीची, म्हणजे अमेरिकन पदवीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाची किंवा मास्टर्सची.

समजा पुण्याची बीई, इलेक्ट्रॉनिक्स, आणि शिकवायचंय गणित. पंचाईत कुठे होते ते पाहा. (क्रेडिटचे आकडे नमुन्यादाखल आहेत, प्रत्यक्षात संस्था आपल्या हिशेबानं देते.) इंजिनीअरिंग मॅथेमॅटिक्स एक, दोन आणि तीन, प्रत्येकी ४, झाले १२. तिसऱ्या वर्षातलं न्यूमेरिकल मेथड्स ३, झाले १५. दुसऱ्या वर्षातलं डिस्क्रीट स्ट्रक्चर्स ३ आणि प्रॉबॅबिलिटी-स्टॅटिस्टिक्स ३, झाले २१. सिग्नल्स अँड सिस्टिम्समध्ये फूरिये आणि लाप्लास कितीही घोटलेलं असो, पेपरचं नाव इंजिनीअरिंगचं आहे, तो गणितात धरतील या भरवशावर बसू नका. म्हणजे ९ क्रेडिट कमी. आता वरच्या पातळीची मोजा. एम-१, एम-२, एम-३ पहिल्या-दुसऱ्या वर्षातले, म्हणजे खालच्या पातळीचे. वरचं फक्त न्यूमेरिकल मेथड्स, ३ क्रेडिट. इथेही ९ कमी.

हे एका दगडात दोन पक्षी प्रकरण आहे. ३०० च्या पुढच्या क्रमांकाचे, म्हणजे वरच्या पातळीचे, प्रत्येकी ३ क्रेडिटचे तीनच कोर्स घेतले की एकूण ३० होतात आणि वरच्या पातळीचे १२ ही होतात. भूमिती, अमूर्त बीजगणित, संख्याशास्त्र, रिअल ॲनालिसिस, यातले कुठलेही तीन. भूमिती घ्याच. न्यू जर्सीच्या हायस्कुलात भूमिती स्वतंत्र वर्षभराचा विषय म्हणून शिकवायला लागते, आणि आपल्याला शाळा सोडल्यापासून प्रमेयाचं तोंड पाहिलेलं नसतं.

इथे होणारी ठरावीक चूक: स्वस्त आणि जवळ म्हणून काउंटी कॉलेजात तीन कोर्स घेतले जातात. काउंटी कॉलेज दोन वर्षांचं, तिथे वरच्या पातळीचे कोर्सच नसतात. मग एकूण ३० भरतात आणि वरचे १२ रिकामे राहतात. पुन्हा फी, पुन्हा सेमिस्टर. कुठलाही कोर्स घेण्याआधी तो मोजला जाईल का, हे खात्याला लेखी विचारून घ्या.

बीएडचे पेपर, शैक्षणिक मानसशास्त्र वगैरे, या ३० मध्ये येत नाहीत. ते शिक्षणशास्त्र, हा विषय.

प्राथमिकसाठी, म्हणजे के (किंडरगार्टन) ते सहावीसाठी, हिशेब वेगळा. तिथे एका विषयाची ३० नकोत, तर उदारमतवादी विद्याशाखा आणि विज्ञान यांची मिळून ६० क्रेडिट्स किंवा त्यातला मेजर हवा. बीए-बीएस्सीवाल्यांना हे सोपं जातं. बीकॉमला अर्थशास्त्र, इंग्रजी, गणित-संख्याशास्त्र, पर्यावरण मोजून पाहावं लागतं, कारण अकाउंटन्सी, ऑडिटिंग, कॉस्टिंग यात बसत नाहीत. कॉमर्सवाल्यांनी बिझनेसच्या एन्डॉर्समेंटकडेही बघावं.

मिडल स्कूल, पाचवी ते आठवी, हे वेगळं जोडपत्र आहे: प्राथमिकचं असेल तर त्या विषयाची १५ क्रेडिट्स, परीक्षा आणि त्या वयाच्या मुलांच्या विकासावरचा अभ्यास दाखवून ते जोडता येतं. नोकरीच्या दृष्टीनं प्राथमिक अधिक मिडल स्कूल गणित ही जोडी आमच्या मते फार उपयोगी आहे. नुसत्या प्राथमिकच्या जागेला अर्जांचा ढीग पडतो.

हिंदी शिकवायचं असेल तर जागतिक भाषांच्या एन्डॉर्समेंटमध्ये तोंडी प्रावीण्याची चाचणी, ओपीआय, 'ॲडव्हान्स्ड लो' पातळीला तरी पास व्हावी लागते. आणि रविवारच्या मराठी शाळेत दहा वर्षं शिकवलेलं? मुलाखतीत बोलायला उत्तम, नियमांच्या हिशेबात शून्य.

तिसरी पायरी: प्रॅक्सिस

जुने ब्लॉग वाचून घाबरलेल्यांसाठी आधी चांगली बातमी. ईडीटीपीए नावाची, वर्गाचे व्हिडिओ पाठवायची परीक्षा राज्यानं डिसेंबर २०२२ च्या कायद्यानं काढून टाकली. वाचन-लेखन-गणिताची 'बेसिक स्किल्स' परीक्षाही १ जानेवारी २०२५ पासून गेली. उरली ती विषयाची प्रॅक्सिस.

हायस्कूल गणिताची परीक्षा क्रमांक ५१६५: ६६ प्रश्न, १८० मिनिटं, पडद्यावर ग्राफिंग कॅल्क्युलेटर. इंजिनीअर मंडळी इथे कॅल्क्युलसची उजळणी करत बसतात आणि घसरतात दुसरीकडेच. बरेच प्रश्न असे असतात की विद्यार्थ्यानं अमुक पायरी अशी लिहिली, त्याचा गैरसमज कोणता? उत्तर बरोबर काढणं आणि चूक कुठून आली हे ओळखणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत. दुसरी गोष्ट, तो ग्राफिंग कॅल्क्युलेटर आधी आठवडाभर हाताखालून घाला. आपण लॉगटेबलवर किंवा साध्या सायंटिफिकवर वाढलेलो, परीक्षेत खिडकीची मर्यादा बदलायला शोधत बसलं की दहा मिनिटं गेली.

विज्ञानवाल्यांनी एक ध्यानात ठेवावं: विषयाची एक आणि सामान्य विज्ञानाची एक, अशा दोन परीक्षा लागतात. जीवशास्त्राच्या माणसाला भूगर्भ आणि खगोलाचा भाग नव्यानं वाचावा लागतो.

प्राथमिकची परीक्षा चार भागांची: वाचन-भाषा, गणित, सामाजिक शास्त्र, विज्ञान. प्रत्येक भाग स्वतंत्रपणे पास व्हावा लागतो. भारतात शिकलेल्यांना नडतो तो सामाजिक शास्त्राचा. अमेरिकन यादवी युद्ध, राज्यघटनेतल्या दुरुस्त्या, सरकारचे तीन खांब, मूलनिवासींचा इतिहास, नकाशा. घरात सातवी-आठवीतलं मूल असेल तर त्याचं सामाजिक शास्त्राचं पुस्तक महिनाभर मागून घ्या, महागड्या गाईडपेक्षा ते बरं.

नापास झालात तर पुन्हा बसायला २८ दिवस थांबावं लागतं. सप्टेंबरची नोकरी डोळ्यांपुढे असेल तर पहिला प्रयत्न फेब्रुवारीच्या पुढे ढकलू नका. नाव नोंदवतानाच गुण न्यू जर्सीच्या शिक्षण खात्याला जातील असं निवडा.

चौथी पायरी: पन्नास तास आणि अर्ज

सीई मिळण्याआधी मान्यताप्राप्त संस्थेत ५० तासांचा पूर्वतयारीचा कोर्स करावा लागतो. रटगर्स, मॉन्टक्लेअर स्टेट अशा विद्यापीठांचे ऑल्टरनेट रूट कार्यक्रम आहेत, इतरही आहेत. त्यात पाठनियोजन, वर्गव्यवस्थापन, आणि प्रत्यक्ष शाळेत बसून निरीक्षण. हा कोर्स ज्या संस्थेत कराल तिथेच नोकरी लागल्यानंतरचं प्रशिक्षण करणं सोयीचं जातं. म्हणून निवडताना आजची फी पाहू नका. दोन वर्षं संध्याकाळी किंवा शनिवारी तिथे जाता येईल का, ऑनलाइन किती आहे, तुमच्या विषयाचा वेगळा गट आहे का, हे विचारा. संपूर्ण खर्च आधी लेखी घ्या.

अर्ज एनजेएडसर्ट या राज्याच्या ऑनलाइन प्रणालीवर. नाव पासपोर्टप्रमाणे भरा. पदवी माहेरच्या नावावर, पासपोर्ट सासरच्या नावावर, मार्कशीटवर आधी आडनाव मग वडलांचं नाव, हा महाराष्ट्रीय घोळ तिथल्या माणसाला समजत नाही. विवाहाचा दाखला किंवा नावबदलाचा कागद सोबत जोडाच, मागायची वाट पाहू नका.

'फिजिऑलॉजी अँड हायजीन' अशी एक छोटी अट दिसते आणि लोक गोंधळतात. जीवशास्त्र, आरोग्य किंवा पोषण यांचा कॉलेजातला एखादा कोर्स ट्रान्सक्रिप्टवर असेल तर ती पुरी होते, नसेल तर काउंटीच्या शिक्षण कार्यालयात छोटी परीक्षा देता येते. बीएस्सी जीवशास्त्र असूनही परीक्षेला जाऊन बसायची गरज नाही.

फी परत मिळत नाही. चुकीच्या एन्डॉर्समेंटचा अर्ज केला तरी नाही.

पाचवी पायरी: नोकरी, आणि डेमो लेसन

डिस्ट्रिक्ट एप्रिल ते ऑगस्टमध्ये भरती करतात, शाळा सप्टेंबरच्या सुरुवातीला उघडते. जागा एनजे स्कूल जॉब्स या साइटवर आणि प्रत्येक डिस्ट्रिक्टच्या पानावर. गणित, विज्ञान, विशेष शिक्षण यात सीईवाल्याला बोलावणी येतात. ज्या भागात हात पोचतो तिथे आधी सब्स्टिट्यूट, म्हणजे बदली शिक्षक, म्हणून जाणं हा उत्तम मार्ग. ते काम प्रोव्हिजनल वर्षात मोजलं जात नाही, पण मुख्याध्यापिकेला तुमचा चेहरा कळतो आणि तुम्हाला तिथली घंटा.

मुलाखतीनंतर डेमो लेसन. इथे भारतीय उमेदवार हमखास जिथे पडतात ते सांगतो: फळा ताब्यात घेतात. व्याख्या, तीन उदाहरणं, 'समजलं का?', हो, पुढचं. मागे बसलेला परीक्षक मात्र मुलं काय करताहेत ते लिहीत असतो, तुम्ही काय बोलताय ते नाही.

आठवीचा ३० मिनिटांचा पाठ घ्या, विषय उतार. अभ्यासक्रमातलं मानक ८.ईई.बी.५ असं पाठाच्या योजनेच्या डोक्यावर लिहा. पहिली पाच मिनिटं मुलं दारातून येतानाच सोडवतील असा एक प्रश्न: दोन टाक्या, एक मिनिटाला ३ गॅलननं भरतेय, दुसरीचा आलेख दिलाय, कुठली आधी भरेल? तुम्ही हिंडा, तीन वेगवेगळी उत्तरं हेरून ठेवा. पुढची दहा मिनिटं त्या तिघांना आपापली रीत सांगू द्या, चूक असलेल्यालाही. मग सात मिनिटं तुमचं, उतार म्हणजे काय, नाव आणि चिन्ह. पाच मिनिटं जोडीनं एक गणित. शेवटची तीन मिनिटं एक्झिट तिकीट, एकच प्रश्न, कागदाच्या चतकोरावर, जाताना दारात गोळा. ते चतकोर हातात घेऊन परीक्षकाला म्हणा: यातल्या सहांनी एक्स आणि वायची अदलाबदल केलीय, उद्या मी तिथून सुरू करीन. नोकरी बहुतेक वेळा या वाक्यावर मिळते.

शब्दांचंही भान ठेवा. 'बोडमास' नाही, 'पेमडास'. ब्रॅकेट नाही, पॅरेंथेसिस. 'थ्री इंटू फोर' म्हटलं की तिथलं मूल चाराला तिनानं भागतं. गुणाकाराला 'टाइम्स' म्हणा. वजाबाकीत उसना घेत नाहीत, 'रीग्रुप' करतात. झेड म्हणजे झी. रबर मागू नका, इरेझर मागा.

आयईपी आणि ५०४ म्हणजे काय, हे मुलाखतीत विचारतातच. विशेष गरजा असलेल्या मुलासाठी लिहिलेली ही योजना कायद्यानं बांधील असते. 'मी सगळ्यांना सारखंच शिकवते' हे आपल्याकडे सद्गुणाचं वाक्य आहे, तिथे ते नकाराचं कारण ठरतं.

रुजू होण्याआधीचे कागद

बोटांचे ठसे देऊन गुन्हेगारी नोंद तपासली जाते, हे ठीक. खरा वेळ खातो तो २०१८ च्या कायद्यानं आलेला फॉर्म: मागच्या २० वर्षांत ज्या शाळांत काम केलं, किंवा जिथे मुलांशी थेट संबंध आला, अशा प्रत्येक मालकाकडून तुमच्याविरुद्ध बालशोषणाची किंवा लैंगिक गैरवर्तनाची चौकशी झाली नव्हती, याची माहिती मागवली जाते. ठाण्यात किंवा नाशकात बारा वर्षांपूर्वी शिकवलं असेल तर तीही शाळा यादीत. तिथल्या कार्यालयाला हा फॉर्म कशाचा हेच कळत नाही आणि तो टेबलावर पडून राहतो. आधीच फोन करून क्लार्कला समजावून सांगा, चालू ईमेल पत्ता घ्या, तोच फॉर्मवर लिहा.

क्षयरोगाची चाचणी करायला सांगितली तर त्वचेवरची करू नका. लहानपणी बीसीजी टोचलेलं असल्यामुळे ती आपल्या मंडळींची वरचेवर फुगते, मग एक्स-रे आणि धावपळ. डॉक्टरला सरळ रक्ताची आयजीआरए चाचणी लिहून मागा.

पहिलं वर्ष: एकाच वेळी तीन घोडे

वर्ग, मेंटर (तुम्हाला हाताशी धरणारा अनुभवी शिक्षक) आणि चारशे तासांचं प्रशिक्षण.

नोकरी लागल्यावर डिस्ट्रिक्टनं तुमची राज्याकडे ६० दिवसांत नोंदणी करायची असते. ती झाली का, हे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात एचआरला स्वतः विचारा. नोंदणी राहिली तर वर्ष मोजण्यावरून पुढे वाद होतात.

मेंटर किमान ३० आठवडे असतो. सीईवाल्याला पहिले आठ आठवडे आठवड्यातून एकदा तरी भेटणं बंधनकारक आहे (सीईएएसला चार). मेंटरला किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो, आणि तो तुमचं मूल्यमापन करू शकत नाही. तुमच्यातलं बोलणं गोपनीय असतं. म्हणजे 'तिसऱ्या तासाचा वर्ग माझ्या हाताबाहेर गेलाय' हे त्यालाच सांगायचं, पर्यवेक्षकाला नव्हे. भेटींची नोंदवही दर आठवड्याला भरा, जूनमध्ये आठवून लिहिलेली ओळखू येते.

मेंटरचे पैसे नव्या शिक्षकानं द्यायचे, हे ऐकून लोक दचकतात. सीईसाठी १,००० डॉलर, सीईएएससाठी ५५०. काही डिस्ट्रिक्ट स्वतः भरतात, विचारून बघा. द्यायचे झाले तरी ते डिस्ट्रिक्टच्या कार्यालयामार्फत, बहुधा पगारातून. मेंटरच्या हातात पाकीट ठेवायचं नाही.

चारशे तासांचं प्रशिक्षण, किंवा २४ क्रेडिट्स, दोन वर्षांत पसरलेलं असतं. कागदावर आठवड्याचे पाच-सहा तास वाटतात. प्रत्यक्षात नोव्हेंबर महिना जीवघेणा असतो: पहिल्या तिमाहीचे मार्क, पालकसभा, पहिलं ऑब्झर्व्हेशन (पर्यवेक्षक वर्गात बसून तुमचा पाठ पाहतो ते) आणि प्रशिक्षणाचा पहिला मोठा प्रकल्प, सगळं एकदम. त्या महिन्यात घरी दिवाळीचे पाहुणे बोलावू नका. सप्टेंबरमध्येच सहा आठवड्यांच्या पाठांचा साठा करून ठेवलेला असेल तर निभावतं. प्रशिक्षणातला प्रत्येक प्रकल्प आपल्याच वर्गातल्या चालू धड्यावर बेतून करा, वेगळा विषय घेणं म्हणजे दुप्पट काम.

ऑब्झर्व्हेशन वर्षातून किमान तीन, प्रत्येकी किमान २० मिनिटांची. त्यातून चार श्रेणींपैकी एक मिळते: अतिप्रभावी, प्रभावी, अंशतः प्रभावी, अप्रभावी. स्टँडर्ड मिळायला तीन वर्षांत दोनदा 'प्रभावी' किंवा वर लागतं. 'अंशतः' मिळाली तर घाबरून राजीनामा देऊ नका, पण सुधारणेच्या योजनेवर सही करण्याआधी ती शिक्षक संघटनेच्या प्रतिनिधीला दाखवा.

डिसेंबरमध्ये किंवा फेब्रुवारीत रुजू झालात तर ३० आठवडे त्या वर्षात बसत नाहीत, मेंटरिंग पुढच्या सप्टेंबरात सरकतं. हे उन्हाळ्यात विसरलं जातं. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी मेंटर कोण, हे लेखी मागा.

आणि काही गोष्टी ज्यात चुकून चालत नाही. न्यू जर्सीनं शाळेतली शारीरिक शिक्षा १८६७ साली बंद केली. कान धरणं, डोक्यावर टपली, बाकावर उभं करणं, गमतीतही नाही. दादागिरीचा प्रकार पाहिला किंवा कानावर आला तर त्याच दिवशी मुख्याध्यापकांना तोंडी आणि दोन शालेय दिवसांत लेखी कळवायचं, हा २०११ चा कायदा. मुलावर घरी अत्याचार होतोय असा संशय आला तर राज्याच्या हॉटलाइनला तुम्हीच फोन करायचा. समुपदेशकाला सांगितलं म्हणजे झालं, असं नाही. एखाद्या मराठी पालकानं लग्नघरी 'आमच्या शेजारच्या मुलाला तुमच्या वर्गात किती पडले हो?' विचारलं तर त्याचं उत्तर हसून टाळायचं, कारण ती माहिती कायद्यानं खाजगी आहे.

स्टँडर्ड हातात आल्यावर

अटी पुऱ्या झाल्या की प्रशिक्षण संस्था आणि डिस्ट्रिक्ट दोघांनीही राज्याला कळवायचं असतं. एकानं कळवलं आणि दुसऱ्याचं राहिलं, हा नेहमीचा प्रकार. जूनमध्ये दोन्हीकडे विचारून घ्या, जुलैत कार्यालयं ओस असतात. प्रोव्हिजनलची मुदत संपत आली असेल तर नूतनीकरण करता येतं, पण ते मुदतीआधी.

स्टँडर्डनंतर दर वर्षी २० तासांचं व्यावसायिक प्रशिक्षण चालू राहतं. टेन्युअर, म्हणजे नोकरी पक्की होणं, ही वेगळी गोष्ट आहे: २०१२ च्या कायद्यानुसार त्याला चार वर्षं लागतात, आणि मेंटरिंगच्या वर्षानंतरच्या तीनपैकी दोन वर्षांत 'प्रभावी' किंवा वर हवं. स्टँडर्ड मिळालं म्हणून नोकरी पक्की झाली, असा अर्थ काढून घराच्या कर्जाचा अर्ज करणारे आहेत.

जोडीदाराची नोकरी टेक्सासला किंवा नॉर्थ कॅरोलायनाला सरकण्याची शक्यता असेल तर स्टँडर्ड मिळेपर्यंत हलणं टाळता आलं तर टाळा. नुसती सीई बाहेरच्या राज्यात फारशी कामाची नाही. स्टँडर्ड आणि 'प्रभावी' मूल्यमापनाच्या प्रती सोबत असल्या तर दुसऱ्या राज्यात अर्ज बराच सोपा होतो. त्या प्रती डिस्ट्रिक्टच्या संगणकावर ठेवू नका, नोकरी सुटली की लॉगिनही सुटतं.